मांजराची टोपली माळ्यावर ठेवू नका

शहरातल्या कुठल्याही पशुदवाखान्याच्या बाकावर सकाळी अर्धा तास बसावे. मांजर कशाकशातून आणता येते, ते पाहायला मिळते. भाजीची नायलॉनची पिशवी, सुतळीने आवळलेला आंब्याचा खोका, पोपट गेल्यावर रिकामा पडलेला पिंजरा, अर्धी चेन उघडी ठेवलेले शाळेचे दप्तर, कोंबड्या झाकायचे डालगे, दादीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेले पिल्लू. दोन-चार जणांकडे जाळीच्या दाराची प्लास्टिकची टोपली असते, दुकानदार तिला कॅरियर म्हणतात. साधन काहीही असो, आतले मांजर सारखेच दिसते: बुबुळे मोठी झालेली, कान मागे चिकटलेले, अंग आक्रसलेले. मांजरासोबत आणणाऱ्याचे हातही पाहावेत. कुणाच्या मनगटावर लांबलचक ओरखडे, कुणी बोटाला रुमाल गुंडाळलेला. तपासणी अजून व्हायचीच असते आणि जखमा मात्र दोन्हीकडे होऊन गेलेल्या असतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या रोशन गेट, किराडपुरा, बेगमपुरा, शहागंज अशा वस्त्यांत मांजरांचा राबता नवा नाही. नवी आहे ती पैसे मोजून आणलेली पर्शियन मांजरे आणि त्यांच्यासोबत आलेल्या दवाखान्याच्या फेऱ्या. ही चांगली गोष्ट आहे. मांजर पर्शियन असो की गल्लीतून आपणहून घरात शिरलेले असो, पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचे झाले की लसी सुरू होतात आणि साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी लागते. पुढे डॉक्टर सांगतील तसे दरवर्षी जावे लागते. पण पहिल्या फेरीत अशी झटापट झाली की घरातले म्हणतात, "जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष येत नाही. ओरखडा चार दिवसांत भरून निघतो, पण राहून गेलेली लस घरातल्या लहान मुलांच्या जिवाशी जोडलेली असते. म्हणून टोपलीची ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही.

जखमा होतात कधी, हे नीट पाहिले तर उपायही तिथेच सापडतो. रस्त्यावर फारसे काही होत नाही. होते ते घरातून निघण्याआधीच्या दहा मिनिटांत. वर्षभर माळ्यावर पडलेली टोपली धूळ झटकून खाली येते. मांजराच्या लेखी या वस्तूचा एकच अर्थ असतो: मागच्या वेळी हिच्यात घातले आणि सुई टोचली. ते पलंगाखाली जाते. एक जण झाडू घेऊन इकडून हाकलतो, दुसरा तिकडून पाय धरून ओढतो. नख्या चादरीत, गालिच्यात अडकतात आणि ओढण्याच्या झटक्याने एखादी नखी मुळातून फाटते. मग डोके आधी, अशा पद्धतीने त्याला टोपलीच्या दारातून कोंबायचा प्रयत्न होतो. मांजर चारही पाय फाकवून दाराच्या कडांना अडकते. दार घाईने लावताना कधी शेपटी सापडते, कधी पंजा. आत गेल्यावर ते जाळीवर नाक घासत राहते आणि नाकाचा शेंडा सोलून निघतो. तारेचा पिंजरा असेल तर तार चावताना सुळ्याचा टवका उडतो. पोते किंवा जाळीची पिशवी असेल, तर नख्या धाग्यांत गुंततात आणि जितके सोडवावे तितके गुंततात.

पोत्याबद्दल जरा स्पष्टच बोलले पाहिजे. आपल्याकडे मांजर पोत्यात घालतात ते बहुधा लांब कुठेतरी सोडून येण्यासाठी. दवाखान्यात नेण्यासाठी तरी पोते वापरू नये. आत हवा कमी, पायाखाली आधार नाही, आणि आपल्याला आतले काही दिसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा गुन्हा मानतो. आणि आपल्यासाठी तर कायद्याच्या आधीची आठवण आहे. ज्या बाईने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, तिच्या अंजामाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दवाखान्यासाठी तासभर टोपलीत ठेवणे म्हणजे ते कोंडणे नव्हे. पण बंद दारामागच्या जिवाची जबाबदारी दार लावणाऱ्यावर असते, एवढे त्यातून नक्की समजते.

मांजर एवढे का घाबरते? ते उंदराचे शिकारी आहे, तसेच कुत्र्यासारख्या मोठ्या जनावराचे भक्ष्यही आहे. संकट आले की त्याच्याजवळ तीनच मार्ग असतात: पळणे, उंचावर चढणे, लपणे. टोपलीत यांतले पहिले दोन बंद होतात. त्यात ते ज्या वासाच्या जगात राहते, ते घरच मागे सुटते. आपल्या गालाच्या ग्रंथींचा वास ते दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, आपल्या पायांना घासून लावत असते. त्या वासावरून त्याला कळते की ही जागा आपली आहे. नव्या प्लास्टिकच्या टोपलीला तो वास नसतो. भीतीपोटी लाळ गळते, केस झडतात, कधी लघवी होते. मांजर हट्टी आहे, बदला घेते, असे आपण म्हणतो, पण यात हट्ट कुठेच नाही.

लघवीचा विषय निघालाच आहे, तर घरोघरी विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ. मांजर अंगाखांद्यावर असताना कपडे पाक राहतात का? हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांची सून कब्शा वुजूचे पाणी ओतत होती. मांजर आले तेव्हा त्यांनी त्याला पिता यावे म्हणून भांडे कलते केले. सून आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांच्या (स.) म्हणण्याप्रमाणे मांजर नापाक नाही, ते आपल्याभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. (झोपलेल्या मांजरासाठी झग्याची बाही कापल्याची गोष्ट याहून जास्त सांगितली जाते, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही.) लघवी आणि रक्त मात्र धुवावेच लागते. म्हणून टोपलीत तळाला जुने वर्तमानपत्र आणि त्यावर जाड फडके घालावे, सोबत एक जादा फडके ठेवावे, आणि टोपली मांडीवर घेणाऱ्याने खाली प्लास्टिकचा कागद घ्यावा. ओल्या फडक्यावर बसून राहिलेले मांजर अधिकच बिथरते.

आता मुख्य उपाय. टोपली माळ्यावरून खाली काढा आणि घरातच राहू द्या. उद्या जायचे म्हणून आज काढून उपयोग नाही, निदान दोन-तीन आठवडे आधी काढा. दार काढून ठेवा किंवा दोरीने मागे बांधा, म्हणजे ते वाऱ्याने आपटणार नाही. जिथे मांजर नेहमी बसते त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवा. आत आपला वापरलेला, न धुतलेला कुर्ता किंवा ओढणी घाला. मऊ फडके मांजराच्या गालावर हळूच फिरवून ते टोपलीच्या आतल्या कडांना पुसा, म्हणजे त्याचाच वास तिथे लागतो. मग खाणे. पहिले दोन दिवस वाटी टोपलीच्या बाहेर, नंतर उंबऱ्यावर, नंतर आत, शेवटी अगदी मागच्या टोकाला. मांजर आत बसून निवांत खाऊ लागले की एक दिवस दार नुसते लोटा आणि लगेच उघडा. दुसऱ्या दिवशी मिनिटभर लावा. मग उचला, खोलीत चार पावले चाला, खाली ठेवा, खाऊ द्या. कुठल्याही टप्प्यावर ते बिचकले तर एक पायरी मागे या. हे काम मुलांवर सोपवायला हरकत नाही, पण मांजर आत गेले की टाळ्या वाजवून दार लावायचे नाही, हे त्यांना आधीच बजावावे.

हे वेळखाऊ वाटेल. पण व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ मांजरांवर याची पडताळणी केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्या मांजरांना सहा आठवडे टोपलीची सवय लावली, निम्म्यांना लावली नाही. सवय लावलेल्या मांजरांना प्रवासात ताण कमी जाणवला आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली. त्याआधी २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला साधा पुठ्ठ्याचा खोका दिला होता, तर खोका मिळालेली मांजरे इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. अर्थात पैसे खर्च केलेच पाहिजेत असे नाही, मांजराला लपायला जागा हवी असते.

तरीही विकत घेणारच असाल तर टणक प्लास्टिकची, वरूनही उघडणारी आणि जिचा वरचा अर्धा भाग सुटा होतो अशी घ्यावी. वरून उघडणाऱ्या टोपलीत मांजर अलगद उतरवता येते. आणि वरचा भाग काढला की डॉक्टरांना ते खालच्या अर्ध्या भागात, त्याच्याच फडक्यावर बसलेले असताना तपासता येते, ओढून काढायची गरज पडत नाही. ऐपत नसेल तर फळांचे प्लास्टिकचे कॅरेट, त्यावर दुसरे उपडे घालून चारही बाजूंनी घट्ट बांधलेले, हेही चालते. आत सगळीकडून चादर लावावी, म्हणजे नख्या फटींत अडकत नाहीत. तारेच्या पिंजऱ्यालाही आतून असेच अस्तर द्यावे. नुसता पुठ्ठ्याचा खोका रस्त्यासाठी धोक्याचा आहे. तो लघवीने भिजला की तळ सुटतो आणि मांजर थेट क्रांती चौकाच्या रहदारीत. दोन मांजरे असली, एकाच ताटात खात असली, तरी टोपल्या दोन. घाबरलेली मांजरे एकमेकांनाच फाडतात.

जायच्या दिवसाआधी एक-दोन दिवस नख्यांची फक्त अणकुचीदार टोके कापून घ्यावीत. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशा १८ नख्या असतात, एका बैठकीत सगळ्या कापायचा हट्ट धरू नये. नखीतला गुलाबी भाग ही रक्तवाहिनी, तिला कात्री लावायची नाही. प्रवासाआधी तीन-चार तास खाणे देऊ नये, पाणी द्यावे. पिल्लू अगदी लहान असेल किंवा मांजराला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सकाळी खोलीची दारे-खिडक्या लावून मग टोपली जवळ घ्यावी, आधी नाही. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. इतकी तयारी करूनही मांजर जात नसेल तर मोठा टॉवेल वरून टाकून, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे चारही पाय आत घेऊन गुंडाळावे आणि मागचा भाग आधी, असे टोपलीत उतरवावे. टॉवेल आतच राहू द्यावा. मानगूट धरून उचलू नये. आई पिल्लाला तशी उचलते ते पिल्लू काहीशे ग्रॅमचे असताना, चार किलोच्या मांजराला तसे लटकवले तर ते दुखते आणि भीती वाढते.

रिक्षात टोपली मुठीला धरून लोंबकळत ठेवू नये. खालून दोन्ही हातांचा आधार देऊन मांडीवर घ्यावी किंवा पायांमध्ये खाली पक्की बसवावी. स्कूटरवर मागे बसलेल्याने धरावी, हुकला अडकवू नये. वरून पातळ सुती कापड टाकावे, पण एक बाजू हवेसाठी उघडी राहिलीच पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो. तेव्हा सकाळी लवकर निघावे, उन्हात उभ्या गाडीत टोपली ठेवून मेडिकलमध्ये जाऊ नये, आणि चपट्या नाकाच्या पर्शियन मांजराची दुप्पट काळजी घ्यावी. त्याला थंडीतही श्वास घ्यायला कष्ट पडतात. शहागंजच्या गर्दीतून जाण्यापेक्षा लांबचा पण शांत रस्ता बरा. दवाखान्यात टोपली जमिनीवर, कुत्र्याच्या नाकासमोर ठेवू नये. बाकावर, आपल्या अंगाला टेकून ठेवावी.

काही मांजरे इतकी घाबरतात की सवय लावूनही भागत नाही. त्यांच्यासाठी औषधे आहेत. गॅबापेंटिन डॉक्टर वजन पाहून निघण्याआधी काही तास द्यायला सांगतात. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी खास मांजरांकरता प्रीगाबालिनच्या एका औषधाला मान्यता मिळाली. मात्र या औषधांची नावे वाचून अब्बांच्या गोळ्यांच्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नये. मात्रा आणि मूत्रपिंडाची स्थिती डॉक्टरांनीच पाहायची. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्याही आपल्या मनाने नकोत.

एवढे करूनही खरचटले तर? आधी मांजराला शांत, अंधाऱ्या खोलीत सोडावे आणि अर्धा तास हात लावू नये. रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचे नाही. नखी फाटून रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. तुटलेल्या टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबले तरी थेंब थांबतो. मुळाशी लोंबकळणारी नखी ओढून तोडू नये, ते काम डॉक्टरांचे. नाकाचे किंवा पंजाचे साधे खरचटणे मिठाच्या पाण्याने पुसावे: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात, मऊ सुती कापड घ्यावे. पुसून कोरडे केले की बस. जखम उघडी राहू द्यावी, दोन दिवस पाहत राहावे.

इथेच आपल्या घरातल्या मायेचा धोका आहे. मांजर जखम चाटते, म्हणजे जखमेला लावलेले सगळे पोटात जाते. डेटॉलसारखी जंतुनाशके आणि फिनाईल मांजराला विषारी आहेत, पातळ करूनही लावू नयेत. बाम, कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल हेही नको. हळद विष नाही, पण तेलात कालवून थापलेल्या हळदीवर धूळ बसते आणि डॉक्टरांना खालची जखम दिसत नाही. माणसांची दुखण्यावरची मलमे नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॅरासिटामॉल. मुलांना तापात देतो ती ही साधी गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एक गोळीही जीव घेऊ शकते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर कुत्र्यासारखे ते नेहमीचे समजू नये. थंड जागी नेऊन पंखा लावावा, साध्या पाण्याने भिजवलेले फडके पंजांना आणि अंगाला लावावे, बर्फ नको. काही मिनिटांत श्वास सावरला नाही तर तातडीने डॉक्टर. डोळा अर्धवट मिटून घेतला, सुळा तुटला, पाय टेकत नाही, दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही, चोवीस तास खाल्ले नाही, या सगळ्यांत दवाखानाच. दोन-चार दिवसांनी एखादी जागा गरम, फुगीर लागली तर आत पू झाला आहे असे धरावे. बोका वारंवार वाळूत बसतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर ती रात्रही काढू नये. ताणानंतर बोक्यांचा मूत्रमार्ग कधी कधी तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर खडकेश्वरचा सरकारी पशुदवाखाना आहे.

माणसाला ओरखडा किंवा चावा बसला, तर पहिली गोष्ट साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटे. चुना, मिरची, हळद काहीही भरायचे नाही. मग त्याच दिवशी घाटी किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. रक्त आलेल्या जखमेसाठी डॉक्टर जखमेत वेगळे इंजेक्शनही देतात. मधला एकही डोस चुकवू नये. मांजर घरचेच आहे, हे लस टाळण्याचे कारण होत नाही. त्याला वेळेवर लस मिळाली असेल तर तो कागद सोबत न्यावा, निर्णय डॉक्टरांवर सोडावा. चाव्याची आणखी एक गोष्ट. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. वरचे छिद्र लगेच मिटते आणि घाण आत राहते. बोट किंवा मनगट दुसऱ्या दिवशी लाल होऊन सुजले, तर घरी शेकत बसू नये.

ईदला माहेरी जाताना मांजरालाही न्यावे का, असे पुष्कळ जणी विचारतात. दोन-तीन दिवसांचा प्रश्न असेल तर नेऊ नये, असे माझे मत आहे. मांजराला माणसांची ओढ असते, पण घर सोडवत नाही. शेजारच्या खालांकडे किल्ली द्यावी, त्यांनी दोन वेळा खाणे-पाणी द्यावे आणि वाळू साफ करावी, हे जालन्यापर्यंतच्या बसपेक्षा त्याला सुखाचे. शीरखुर्मा आला की त्यांची वाटी आधी पोचवावी.

दवाखान्यातून परत आल्यावर टोपलीचे दार उघडून बाजूला व्हावे, ते आपणहून बाहेर येईल. घरात दुसरे मांजर असेल तर त्याला दवाखान्याचा वास ओळखीचा नसतो, ते फिस्कारते. काही तास दोघांना वेगळे ठेवावे. फडके धुवावे. टोपली साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावी, आत पुन्हा घरातला कुर्ता घालावा, आणि संध्याकाळी थोडे चिकन आत ठेवून ती तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात, दार उघडे करून ठेवून द्यावी.